टिकाऊपणा कशात असतो?

लहान पेट्रोल इंजिन आणि त्यावर टर्बो ही जोडी भंडारा, तुमसर, साकोलीच्या रस्त्यांवर दिसू लागली ती बऱ्याच अंशी करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही ती रेषा तशीच आहे: रेषेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. रेषा ओलांडायची नाही आणि ताकद तर हवी, म्हणून नेक्सॉन, व्हेन्यू, मॅग्नाइट अशा गाड्यांत तीन सिलिंडरची टर्बो इंजिने आली. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याचा प्रश्न मात्र कर किंवा पिकअप यांच्यापाशी थांबत नाही. दहा-पंधरा वर्षे हे इंजिन साथ देईल का, हे त्याला हवे असते. प्रश्न गॅरेजमधला वाटतो. प्रत्यक्षात तो भारतीय दर्शनांतल्या एका जुन्या वादाचा आहे. जे पाहिले त्यावरून जे अजून घडलेच नाही त्याविषयी काही म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

चार्वाकांचे उत्तर होते की मिळत नाही. धूर तेथे अग्नी हा नियम सर्व काळी आणि सर्व ठिकाणी पडताळून पाहणे कुणालाच शक्य नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. इंजिनांचा इतिहास वरवर पाहिला तर त्यांचीच बाजू खरी वाटते. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनाला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. हेच इंजिन २०१३ साली इकोस्पोर्टमधून भारतात आले. त्यातला एक पट्टा ऑइलमध्ये बुडून फिरतो. वर्षे गेली तशा अशा पट्ट्यांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत ऑइल पंपाच्या पट्ट्याशी संबंधित दोषासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उलट उदाहरण फियाटच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेलचे. तेही लहान, तेही टर्बोचे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांतून ते देशभर पसरले आणि टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवून त्याची खात्री पटवली. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांतून ते गेले. एकाचे दोष उशिरा कळले, दुसऱ्याचा गुण. पंधरा वर्षांचा पुरावा पंधरा वर्षांनीच मिळतो आणि तोवर ती वस्तू दुकानात नसते. ‘टिकते की नाही ते आधी पाहू, मग घेऊ’ हा शहाणपणा म्हणूनच स्वतःच्या पायात अडकतो.

तरीही चार्वाकांपाशी थांबता येत नाही. न्यायदर्शनाच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथात उदयनाचार्यांनी या शंकेला मर्यादा घातली ती वागण्याची. ज्याची शंका त्याच्या स्वतःच्या कृतीशी विसंगत ठरते, त्याची शंका तिथे संपते. अनुमानावर विश्वास नाही असे म्हणणाराही भूक लागली की अन्नच शोधतो. गाडीचे तसेच आहे. भविष्याविषयी काहीच कळत नाही म्हणणारा माणूसही ऑइलची पातळी पाहून मगच रायपूरच्या वाटेला लागतो. तेव्हा प्रश्न अनुमान करावे की न करावे हा उरत नाही, ते कशावरून करावे हा उरतो. नैयायिकांनी यासाठी उपाधीची कल्पना मांडली. अग्नी तेथे धूर हा नियम खोटा ठरतो, कारण धुराला ओले सरपण लागते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओले सरपण ही लपलेली अट, म्हणजे उपाधी. ‘टर्बो म्हणजे नाजूक’ या सर्वतोमुखी नियमात अशी अट लपली आहे का, ते पाहायला हवे.

भंडारा जिल्ह्यातल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून जाणारे बहुतेक अवजड ट्रक टर्बो डिझेलवरच चालतात आणि लाखो किलोमीटर चालतात. म्हणजे दोष नुसत्या टर्बोत नाही. कुणी म्हणेल, ती इंजिने मोठी. लहान इंजिनावर टर्बो बसवला की बिघडते. मल्टिजेटने तेही खोडले. मग पेट्रोल, लहान आणि टर्बो या तिन्हींचा मेळ वाईट म्हणावा, तर इकोबूस्टचे सर्वांत गाजलेले दुखणे पट्ट्याचे, आणि तो पट्टा ऑइलमध्ये ठेवण्याचा निर्णय टर्बोने लादलेला नव्हता. मेळाचे स्वतःचे धोके खरे आहेत. टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते ती ऑइलच्या पातळ थरावर. कडेने जाणारा वायू नऊशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. कमी वेगात जास्त दाब पडला की मिश्रण वेळेआधी पेट घेऊ शकते आणि पिस्टनला तडा जातो. या प्रत्येक धोक्यापुढे एक अट उभी आहे: योग्य प्रतीचे ऑइल वेळेवर बदलणे, कूलंटची पातळी सांभाळणे, लांबच्या दौडीनंतर इंजिन बंद करण्याआधी त्याला क्षणभर श्वास घेऊ देणे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या, धुळीच्या आणि जवळच्या फेऱ्यांच्या या जिल्ह्यात तर या अटींचे वजन वाढते. थोडक्यात, टिकाऊपणा लोखंडात कोंडून ठेवलेला गुण नाही. वस्तू, तिची जपणूक आणि परिस्थिती यांचा तो चालू संबंध आहे. संबंध तुटला की तोही संपतो.

या विधानाचा पुरावा भंडाऱ्याने इंजिनाच्या कितीतरी आधी देऊन ठेवला आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या येथल्या तलावांनी शतकानुशतके धानाला पाणी दिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. पाळ तीच होती, सांडवा तोच होता, माती तीच होती. गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची गावाची व्यवस्था तेवढी सुटली, आणि बरेच तलाव गाळाने उथळ होत गेले. टिकाऊपणा पाळीच्या मातीत असता तर मालकी बदलल्याने तो कमी व्हायचे कारण नव्हते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की जुने, बिनटर्बोचे इंजिन हेळसांड झाली तरी चालत राहते, मग त्याचा टिकाऊपणा त्याचाच नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. कमी ताण आणि कमी भाग असलेले यंत्र जास्त चुका पोटात घालते. पण चुका सोसण्याची ऐपत म्हणजे अटी सैल असणे, अटी नसणे नव्हे. ऑइलविना तेही जाम होते. लहान टर्बोत ही ऐपत कमी, एवढाच प्रामाणिक निष्कर्ष निघतो, आणि ज्याला वेळेवर सर्व्हिसिंग जमणार नाही त्याने त्यावरून साधे इंजिन घेतले तर ते समंजसपणाचेच. दुसरा आक्षेप कारखान्यातल्या चाचण्यांचा: कंपन्या इंजिने महिनोन्‌महिने पूर्ण ताणावर चालवून पाहतातच की. पाहतात, पण चाचणीत ताण दाटून बसवता येतो, काळ तितका नाही. रबराचे वर्षानुवर्षे कडक होणे, दोन-दोन महिने उभ्या गाडीतले जुने ऑइल आणि तिसऱ्या मालकाची काटकसर चाचणीकक्षात पुरी उतरत नाही.

उरतो नैतिक आक्षेप, आणि तो सर्वांत टोकदार आहे. टिकाऊपणा हा संबंध मानला तर कंपनीला पळवाट मिळते: इंजिन बसले की ‘तुम्हीच नीट ठेवले नाही’ म्हणून मोकळे. खरे तर या विचाराने तिची जबाबदारी वाढते. गुण वस्तूतच असेल तर वस्तू देऊन बनवणारा मोकळा होतो. संबंधात असेल तर त्या संबंधाच्या अटी सांगणे त्याचे कर्तव्य ठरते, कारण त्या त्यालाच सर्वांत आधी माहीत असतात. ऑइल बदलण्याचा लांबवलेला टप्पा विक्रीसाठी आहे की इंजिनासाठी, कोणता पट्टा किती वर्षांनी बदलावाच लागेल, उष्ण आणि धुळीच्या भागात हे आकडे किती खाली येतात, हे त्याने ठळकपणे सांगायला हवे. सेकंडहँड गाडी विकणाऱ्यानेही सर्व्हिसिंगची नोंद लपवू नये. अट दडवून दिलेले वचन हे न्यायदर्शनाच्या भाषेत सदोष अनुमान आणि व्यवहाराच्या भाषेत फसवणूक. म्हणून शोरूममध्ये ‘हे इंजिन टिकेल का’ असे विचारून हाती काही लागत नाही. ‘हे कोणत्या अटींवर टिकते, त्यांतल्या कोणत्या मी पाळायच्या आणि कोणत्या तुम्ही’ असे विचारले तर उत्तर देता येते, तपासता येते आणि पुढे त्याचा जाबही विचारता येतो.