बंधुत्वाचें मोल

अमेरिकेंतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ आहेत. त्यांचा लाभ जन्मभर पुरतो, असें त्यांचे अभिमानी सांगतात. नोकरी, शिफारस, ओळखीपाळखी हे लाभ खरेच. पण तेंच बंधुत्वाचें फळ मानलें, तर बंधुत्व आणि सौदा यांत अंतर तें काय राहिलें?

१९०६ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत सात कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनीं ‘आल्फा फाय आल्फा’ हा संघ स्थापिला. गोऱ्यांच्या संघांचीं दारें त्यांना बंद होतीं. परक्या वातावरणांत एकमेकांस आधार द्यावा, हा त्यांचा हेतु. पुढें पदवीधरांच्याही शाखा निघाल्या. मार्टिन ल्यूथर किंग बॉस्टन येथें शिकत असतां १९५२ सालीं या संघांत आले. १९६८ सालीं त्यांची हत्या झाली. त्यांचें वॉशिंग्टनमधील स्मारक २०११ सालीं खुलें झालें. त्याची कल्पना प्रथम या संघबंधूंनींच मांडली व वर्षानुवर्षें तिचा पाठपुरावा केला. दिवंगत भावाकडून कोणती शिफारस मिळावयाची होती?

तेव्हां संघाचा खरा लाभ घेण्यांत नसून, आपण कोणाचें तरी देणें लागतों या जाणिवेंत आहे. इतर लाभ वयाबरोबर सरतात. हें ऋण मात्र माणसाला अखेरपर्यंत माणूस ठेवतें.