मूर्तीच विचारू लागली तर

मूर्तीपाशी गाऱ्हाणे सांगणे आपल्याला नवे नाही. पण मूर्तीच आपल्याला विचारू लागली तर?

२०१३ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शहरात असे झाले. बँक्सी या टोपणनावाच्या इंग्लंडातील कलावंताने कत्तलखान्याच्या मालमोटारीत साठेक कापडी जनावरे भरली. गाई, डुकरे, कोकरे, कोंबड्या. लेकरांच्या उशाशी असतात तसली. आत बसलेले बाहुलीवाले ती हलवीत, आणि फटींतून माना काढून ती केविलवाणी ओरडत. गाडी प्रथम नेली जुन्या मांसबाजारातच! जित्या जनावरांची गाडी जाते तेव्हा कोण वळून पाहतो? म्हणून चिंध्यांना ओरडावे लागले.

कोणी माळकरी म्हणेल, "महाराज, आम्ही कुठे मांस खातो?" खरे आहे, माळ घातली की ते सुटलेच. पण दुधाचे काय? वासरू-रेडकू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते मायीपुढे उभे करतात, कोठे कोठे अजूनही. ती बिचारी त्याला चाटते, पान्हा सोडते, आपली चरवी भरते. हेही शिल्पच की! त्याने खोट्या जनावराने माणसाला हटकले, आपण खोट्या वासराने मायीला फसविले.

आणि ते रेडकू मेले कशाने? नर म्हणून दूधच पाजले नसेल तर? माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदविले, त्या रेड्याच्या समाधीला आपण आळ्यास नारळ ठेवतो. हे त्याचेच पोर ना? ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांनी एक आचळ त्याच्याकरिता राखावे, एवढे आम्ही या एकादशीला मागतो.