झोपेचे साक्षी

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना रोज घोरत असे. दिवसभर हुंदडून दमलेले मूल गाढ झोपले आहे, असा त्या आवाजाचा अर्थ आम्ही लावत होतो. त्याचे आजोबाही घोरत. त्यामुळे घरात त्याचे कौतुकच होई. घोरणे ही गाढ झोपेची खूण, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की, त्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

एका रात्री वीज गेली. पंखा बंद पडला आणि त्याच्या आवाजाखाली दडलेले सारे ऐकू येऊ लागले. मी त्याला वारा घालीत उशाशी बसलो. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून तो झोपला होता. मानेखाली उशी घामाने भिजली होती. घोरणे चालता चालता एकाएकी थांबले. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मग अंगाला हिसका बसला, तोंडाने मोठा श्वास ओढला गेला आणि घोरणे पुन्हा सुरू झाले. उजाडेपर्यंत हे किती वेळा घडले, ते मोजण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कारण समजावले. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला अ‍ॅडिनॉइड नावाची गादी असते. लहान वयात ती आणि टॉन्सिल फुगलेले असले, तर श्वासाची वाट अरुंद होते. झोपेत स्नायू सैल पडले की ती मिटते. श्वासासाठी मेंदू मुलाला पुनःपुन्हा अर्धवट जागे करतो, आणि सकाळी मुलाला त्यातले काहीच आठवत नाही. अशा झोपेनंतर मोठ्या माणसाला पेंग येते. मूल मात्र पुष्कळदा चिडते, चुळबुळते, त्याचे चित्त ठरत नाही. विल्यम हिल या डॉक्टरांनी १८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांविषयी लिहिताना याच अडथळ्याकडे लक्ष वेधले होते. शतक उलटून गेल्यावरही मी माझ्या मुलाला आळशी म्हणत होतो.

सर्दीत चार दिवस घोरणे निराळे. आठवड्यातल्या तीन-चार रात्री मूल घोरत असेल, श्वास अडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढण्याच्या शस्त्रक्रियेची घाईही नसावी. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सर्वसाधारण आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही हे प्रमाण ४६ टक्के होते. आमच्या मुलाला शस्त्रक्रिया आवश्यक ठरली.

पालकत्वाचे कर्तव्य आपण दिवसात मांडतो: डबा, शाळा, अभ्यास. मूल झोपले की ते संपले असे वाटते. परंतु झोपलेला जीव स्वतःविषयी साक्ष देऊ शकत नाही; ती जवळच्या जाग्या माणसालाच द्यावी लागते. ती द्यायला मला वर्ष लागले.

त्या वर्षीचे प्रगतिपुस्तक मी जपून ठेवले आहे. ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा त्यावर आहे, आणि त्याखाली माझी सही.