शंभरांत तीस

विमाने पाहावयास जाणे हा माझा छंद आहे, असे मी सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सौम्य कीव उमटते. चाळिशी उलटलेल्या, शाळेत मुलांना शिकविणाऱ्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या गृहस्थाने सुटीच्या दिवशी कुर्ल्याच्या जरीमरी भागात आकाशाकडे तोंड करून उभे राहावे, हे लोकांना पटत नाही. विमानात बसण्याची ऐपत नाही म्हणून बिचारा खालून पाहतो, असा तर्क आमच्या शेजारच्या काकूंनी केला आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे नाही. पण या छंदाने मला एका अशा प्रश्नापाशी आणून उभे केले आहे की, त्याचा विमानांशी वरवर पाहता काही संबंध दिसू नये. ज्या गोष्टीची आपल्याला खात्री नाही ती माणसाने बोलून दाखवावी की नाही? आणि बोलावयाचीच झाली तर कशी?

आधी छंदाविषयी थोडे सांगावयास हवे. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि वाऱ्याला सामोरे जाऊनच उडते. पंखांना उचलते ती त्यांच्यावरून वाहणारी हवा. जमिनीवरच्या वेगाशी त्यांना कर्तव्य नसते. समोरून दहा नॉटचा, म्हणजे तासाला साडेअठरा किलोमीटरचा वारा येत असेल तर तेवढा वेग विमानाला फुकट मिळतो. उलट मागून वारा असेल तर धावपट्टी अपुरी पडू लागते. म्हणून पाठवाऱ्याची मर्यादा प्रत्येक विमानाला घालून दिलेली असते आणि ती बऱ्याच विमानांच्या बाबतीत दहा ते पंधरा नॉटच असते. आता मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. त्यांतल्या मोठीच्या एका टोकाला 27 हा आकडा आहे आणि दुसऱ्याला 09. पुढे एक शून्य द्या की दिशा मिळते: 270 अंश म्हणजे पश्चिम, 90 अंश म्हणजे पूर्व. मुंबईला दिवसा वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरकडून येतात, कुर्ल्याच्या घरांवरून खाली खाली होत जातात आणि पश्चिमेकडे तोंड करून टेकतात. जरीमरीला उभे राहिले की चाके आपल्या डोक्याला लागतील असे वाटते. वारा फिरला तर हा सगळा खेळ उलटा होतो: विमाने जुहूच्या बाजूने समुद्रावरून उतरतात आणि आपण भलत्याच टोकाला उभे असतो.

म्हणून शहाणा माणूस निघण्यापूर्वी वाऱ्याची खबर घेतो. ती आता मोबाइलवर मिळते. दर अर्ध्या तासाला विमानतळाचे हवामानवृत्त निघते: वारा किती अंशांवरून आणि किती नॉट, दृष्टी किती मीटर, ढग किती उंचीवर, तापमान, दाब. वेळ मात्र ग्रीनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात, आणि घाईत हा हिशेब भल्याभल्यांना चकवितो. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिथून येतो त्या दिशेचे, जसे माणसाला मूळ गावावरून कुडाळकर किंवा पेडणेकर म्हणतात. या वृत्तात विशेषण औषधालाही नसते. 'सुखद झुळूक', 'भन्नाट वारा' असले शब्द वापरण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या लेखकाने ते अधूनमधून अवश्य वाचावे.

पण हे झाले घडत असलेल्याचे. पुढे काय घडेल ते सांगणारे वेगळे पत्रक असते. मुंबईसाठी ते तीस तासांचे असते, आणि माझे खरे प्रेम या पत्रकावर आहे. त्यात एक सोय आहे. हवामान पाहणाऱ्याला एखाद्या गोष्टीची शंका आहे पण खात्री नाही, अशा वेळी तो तिच्यापुढे 'शक्यता 30' किंवा 'शक्यता 40' असे लिहितो. आकडे दोनच. तीसाहून कमी शक्यता उल्लेखालायक समजत नाहीत; आणि पन्नास किंवा त्याहून अधिक वाटत असेल तर तिला शक्यता म्हणून मागे उभे न करता सरळ अपेक्षित बदल म्हणूनच लिहावयाचे, असा जगभरचा नियम आहे. हा नियम ज्या कोणी केला त्याला माणसाच्या जिभेची चांगली ओळख असली पाहिजे, असे मला वाटते. क्षुल्लक शंका बोलून लोकांना घाबरवू नकोस आणि पटलेली गोष्ट शंकेच्या पडद्याआड लपवू नकोस, या दोन्ही सूचना त्यात आल्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी भाच्याला घेऊन गेलो होतो. तो सातवीत आहे. पत्रकात दुपारभर पश्चिमेचा वारा होता, आणि पुढे एक ओळ: शक्यता 30, काही काळ पूर्वेकडून झोताचा वारा आणि गडगडाटी पाऊस. मी त्याला ती निघतानाच वाचून दाखविली होती. तासभर विमाने झकास आली. मग पाचच्या सुमारास ठाण्याच्या बाजूने काळे ढग चढले, धूळ उलटी उडाली आणि विमाने यावयाची थांबली. आम्ही एका दुकानाच्या पत्र्याखाली चहा पीत उभे राहिलो.

"मामा, हवामान खात्यानं फसवलं आपल्याला," तो म्हणाला.

"अरे, शंभरांत तीस सांगितलं होतं की त्यांनी!"

"तीस म्हणजे नाहीच ना! आमच्याकडे तीसला नापास करतात."

मी हसलो खरा, पण पोराने मोठ्यांचेच मत मांडले होते. आपण सारे अंदाजाकडे असेच पाहतो: पस्तिसाच्या वर पास, खाली नापास. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेचे कार्यालय आहे. 1928 साली ते सिमल्याहून तेथे आले म्हणून जुने लोक त्याला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद पुणेकरांनी किती पिढ्या चालविला आहे! पण तीच माणसे पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा हे गंभीरपणे पाहतात आणि बेडकाने दगा दिला तर चकार शब्द काढीत नाहीत.

कोणी म्हणेल, तीस म्हटले की पाऊस आला तरी खरे आणि नाही आला तरी खरे; ही तर ज्योतिषाचीच पळवाट! मलाही काही दिवस तसे वाटत होते. परंतु फरक आहे. ज्योतिषी 'योग आहे' म्हणतो. त्या योगाला मोजावयाचे कसे? 'शंभरांत तीस' म्हणणारा मात्र स्वतःला पकडून देण्याची सोय करून ठेवतो. त्याने तीस म्हटलेले सगळे दिवस गोळा करा. त्यांतल्या सुमारे तीन दशांश दिवशी ते घडले पाहिजे. एकदाही घडले नाही तरी तो चुकला, रोज घडले तरी चुकला. एका संध्याकाळीवरून त्याला खोटे पाडता येत नाही, हे खरे. पण वहीवरून येते. खोटे ठरणे आणि खोटे बोलणे यांत आपली भाषा फरक करते. आपण रागाच्या भरात तो करीत नाही, इतकेच.

तो न केल्याने काय होते, हे रॉबर्ट फिट्झरॉय या माणसाच्या चरित्रात दिसते. डार्विनला घेऊन जगप्रवासाला गेलेल्या 'बीगल' जहाजाचा हा कप्तान. 1854 साली इंग्लंडचे हवामान खाते त्याच्या हाताखाली सुरू झाले. 1859 च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या आसपास माणसे गेली, तेव्हा तारायंत्राने बंदरांना आधी सूचना देता येईल असे त्याने ठरविले. 1 ऑगस्ट 1861 रोजी त्याचा पहिला जाहीर अंदाज 'टाइम्स'मध्ये छापून आला. हे भविष्यकथन नव्हे, असे तो बजावून सांगत असे. लोकांनी ऐकले नाही. अंदाज चुकला की थट्टा होई. वादळाची सूचना देऊन वादळ आले नाही की मासेमारीच्या होड्यांचे मालक बुडालेल्या दिवसाबद्दल चिडत. विद्वानांनाही या अंदाजांत शास्त्र दिसेना. 1865 साली त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. अशा गोष्टींना एकच कारण नसते आणि थट्टेनेच त्याचा जीव घेतला असे मी म्हणणार नाही. परंतु पुढल्याच वर्षी त्याचे अंदाज बंद करण्यात आले, आणि वादळाच्या सूचना लवकरच पुन्हा सुरू कराव्या लागल्या, कारण समुद्रावर जाणाऱ्यांनाच त्या हव्या होत्या.

मालकांची बाजू मात्र मला हसण्यावारी नेववत नाही. आपल्या किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा लागला की कोळ्याची होडी थांबते. वादळ वळून गेले तर गेलेला दिवस त्याचा असतो, बावटा लावणाऱ्याचा नव्हे. अंदाज सांगणारा प्रामाणिक असला तरी अंदाजाची किंमत दुसराच कोणी मोजतो. माझी किंमत एक भिजलेली संध्याकाळ होती, म्हणून मला तत्त्वज्ञान सुचले.

आणि येथे मला माझ्या धंद्याकडे वळावे लागते. शिक्षक हा रोज अंदाज सांगणारा माणूस आहे. पालक येऊन उभे राहतात, मुलगा शेजारीच असतो, आणि विचारतात, "गुरुजी, याचं काही होईल का हो?" वाऱ्याच्या बाबतीत जो प्रामाणिकपणा मला इतका आवडतो तो येथे लावावा, असे पूर्वी वाटे: जे दिसते ते सांगावे, आकडा द्यावा, मोकळे व्हावे. आता वाटत नाही. पूर्वेचा वारा आपल्याबद्दल पत्रकात काय छापले आहे ते वाचत नाही. 'शक्यता 30' म्हटल्याने तो खट्टू होऊन बसत नाही, की ईर्ष्येने उठत नाही. पोरगा ऐकत असतो. मी मॅट्रिकला बसण्यापूर्वी एका शिक्षकांनी माझ्या वडिलांना माझ्यादेखत सांगितले होते, "याला पुढं शिकवण्यात अर्थ नाही." वडिलांनी ते मानले. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण थांबले, आणि त्या शिक्षकांचा अंदाज खरा ठरला. तो खरा होता का, हे तपासावयाला कोणतीही वही नाही.

मग पालकांना काय सांगावे? गप्प बसणे हे उत्तर नव्हे; बावटा न लावणे हाही एक निर्णयच असतो. मी अलीकडे हवामानवृत्ताचा पहिला कागद वापरतो, दुसरा नाही. आज काय आहे तेवढे सांगतो: अपूर्णांक येत नाहीत, वाचन चांगले आहे, सोमवारी झोपलेला असतो. विशेषणे टाळतो. पालकांचे समाधान होत नाही. त्यांना पुढचे तीस तास हवे असतात, तीस वर्षे हवी असतात. एका बाईंनी तर "दुसऱ्या सरांना विचारते" म्हणून तोंडावर सांगितले.

भाच्याने मात्र त्या पावसानंतर खरोखरच वही घातली. एका रकान्यात पत्रकातले, दुसऱ्यात झाले ते. पावसाळा संपेपर्यंत त्याने ती नेटाने लिहिली. मग घरातल्या माणसांचे अंदाजही त्यात येऊ लागले. 'बाबा: पाच मिनिटांत पोचतो', पुढे 'पन्नास मिनिटे'. 'आजी: यंदा चकल्या बिघडणार', पुढे 'नाही'. गेल्या आठवड्यात चाळताना एक ओळ दिसली: 'गणिताच्या बाई: तुला जमणार नाही.' पुढचा रकाना कोरा होता. मी काही विचारले नाही. वही परत त्याच्या दप्तरात ठेवली, आणि रविवारच्या वाऱ्याचे काय म्हणतात ते पाहू, म्हणालो.