उद्याची पात्रता

हित कशात आहे हे कळत असूनही माणूस ते करीत नाही, ही नीतिविचारातील फार जुनी अडचण आहे. ज्ञान खरे असेल तर आचरण चुकणार नाही, असे सॉक्रेटिसाचे म्हणणे होते. ॲरिस्टॉटलने मात्र अनुभवाचा कौल मानला आणि निश्चयाच्या दुबळेपणाचा स्वतंत्र विचार केला. चालढकल हे या दुबळेपणाचे सर्वांत परिचित रूप होय. तिला आळस म्हणून मोकळे होता येत नाही. चालढकल करणारा पुष्कळदा दिवसभर कामात असतो, फक्त नेमके ते एक काम उद्यावर राहते. त्या उद्यासाठी त्याच्यापाशी सन्मान्य कारणेही असतात : काळ अनुकूल नाही, किंवा आपण अजून त्या कामास पात्र नाही.

या दोन्ही सबबींची परीक्षा घेणारे एक चरित्र रायपूरशी निगडित आहे. १८७१ मध्ये जन्मलेल्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोलकर व वामन बळीराम लाखे यांच्या सहकार्याने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. याहून प्रतिकूल वेळ शोधूनही सापडली नसती. १८९७ च्या दुष्काळातून सावरतो न सावरतो तोच मध्य प्रांत पुन्हा दुष्काळात सापडला होता. मासिक तीन वर्षे चालले आणि आर्थिक तोट्यामुळे १९०२ च्या अखेरीस बंद पडले. चांगल्या दिवसांची वाट पाहिली असती तर तो तोटा टळला असता. पण मग हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाणारी सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ १९०१ मध्ये ज्या पानांवर आली, ती पानेही नसती.

याचा अर्थ थांबणे नेहमीच दोषास्पद असते असा नव्हे. छत्तीसगढातील भातशेतकरी बियासीसाठी थांबतोच. पेरणीनंतर सुमारे महिन्याने शेतात पुरेसे पाणी साचले की उभ्या पिकातून तो हलका नांगर फिरवतो. पाण्याआधी नांगर घालणे व्यर्थ असते. परंतु त्याच्या थांबण्याला शेतातच एक खूण असते, आणि ती दिसताच नांगर निघतो. चालढकल करणाऱ्याच्या प्रतीक्षेला अशी खूण नसते. किती पाणी साचले म्हणजे पुरे, हे त्याने कधी ठरवलेलेच नसते.

पात्रतेची सबब याहून कठीण आहे, कारण ती विनयाच्या वेषात येते. १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढून टिळकांचे विचार हिंदीत आणले. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि कुटुंबीयांच्या दडपणाखाली क्षमापत्र देऊन ते सुटले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले होते. ज्याचे शब्द आपण लोकांपर्यंत पोचवले तो तुरुंगात आणि आपण घरी, ही स्थिती कोणाही संवेदनशील माणसाला मूक करण्यास पुरेशी होती. आधी मन शुद्ध होऊ दे, मग लेखणी उचलू, असे म्हणून उरलेले आयुष्य काढले असते तरी कोणी त्यास आळस म्हटले नसते.

सप्रे एकांतात गेले, समर्थ संप्रदायाच्या साधनेत राहिले. परंतु लेखणी सुटली नाही. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला. वीस दशक, दोनशे समास : हे काम रोजच्या ठरावीक श्रमावाचून पुरे होत नाही. एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेपासून करंटलक्षणांतून यत्ननिरूपणापर्यंत जाताना अनुवादकाला प्रत्येक ओवी स्वतःवरून उतरू द्यावी लागते. पुढे त्यांनी टिळकांच्या ‘गीतारहस्या’चेही हिंदी भाषांतर केले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. राजकारणाचे अवघड कर्तव्य सोडून दुसऱ्याच्या ग्रंथांत रमणे, हीही एक प्रतिष्ठित टाळाटाळच नव्हे काय? चालढकल अनेकदा सोप्या कामाच्या आडोशाला उभी राहते, हे खरे आहे. म्हणूनच काम कोणते आहे, यापेक्षा ते माणसाला त्याच्या दुखऱ्या जागेपासून दूर नेते की जवळ, हे पाहावे लागते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला कर्मयोगाचा ग्रंथ क्षमापत्र दिलेल्या माणसाने ओळीओळीने भाषांतरित करणे, म्हणजे त्या तुलनेसमोर पुन्हा पुन्हा बसणे होते. तो आडोसा म्हणता येणार नाही.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्र्यांना लाभले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. या ग्रंथांनी क्षमापत्र पुसले गेले नाही; ते पुसले जाईपर्यंत ग्रंथ थांबलेही नाहीत. पात्रता ही कामाच्या आधी मिळवायची वस्तू मानली, तर ती मिळाल्याचे कोणी सांगायला येत नाही. काम हाती घेतले म्हणजे ती मिळेलच, असेही नाही. मात्र तिचा निवाडा व्हायचाच असेल, तर तो झालेल्या कामावरच होऊ शकतो.