हिरमोडाची किंमत

थीम पार्कच्या कंपनीला लिहायचं पत्र इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या शेजारणीने मला कन्नडमध्ये सांगितलं. तासभर रांगेत उभी राहून तिची मुलगी उंचीच्या पट्टीला उणी भरली. ‘बेजारायितु.’ मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला. कन्नडमध्ये मन दुखावलेलाही. ग्राहक कायदा ‘सेवेतील त्रुटी’ विचारतो, आणि नियम तर योग्यच होता. इंग्लंडमध्ये १९७२ साली लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने ६३ पौंडांच्या फसलेल्या सहलीबद्दल, हिरमोडही धरून, १२५ पौंड देवविले. शेजारणीला पैसे नकोच होते. कुणालातरी वाईट वाटायला हवं होतं. कंपनीकडे असं मागणं मला भाबडं वाटत नाही. मुलांना आनंद विकताना ती माणसासारखीच बोलते. पत्र इंग्रजीत केलं. ‘बेजारायितु’ तेवढं तसंच ठेवलं.