दोरी कोणी धरायची?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करायला वर्षाकाठी मुख्यतः नऊ दिवस मिळतात, तेही नोव्हेंबर सरता सरता, थँक्सगिव्हिंगच्या सणाला लागून. धनुष्यबाणाची शिकार मात्र सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते ती जानेवारीपर्यंत चालते. त्यातच नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा येतो. तेव्हा नर माजावर आलेले असतात. एरवी दिवसा सहसा नजरेस न पडणारे मोठ्या शिंगांचे नर भर उजेडात माद्यांच्या मागे धावतात. वर्षातली ही सर्वांत चांगली संधी धनुर्धाऱ्यांच्या वाट्याला येते. बंदूकवाल्यांच्या मानाने ही फार मोठी सवलत झाली, आणि ती एकाच समजुतीवर दिलेली आहे: धनुष्याने हरीण मारणं अवघड असतं.

गेली जवळपास पन्नास वर्षं तिथल्या शिकाऱ्यांत क्रॉसबोवरून भांडण चालू आहे. बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, खटक्याला अडकवून ठेवलेली दोरी आणि ट्रिगर, असं हे हत्यार. ते धनुष्याच्या हंगामात चालू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न. वरवर हा एका हत्याराचा वाद दिसतो. खरा वाद त्या सवलतीचा आहे. किती अवघड म्हणजे पुरेसं अवघड, आणि हे ठरवायचं कोणी?

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंदाच्या शिकारीला हळूहळू जागाच उरली नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा सगळा खटाटोप चमत्कारिक वाटेल. पण तिथला इतिहास वेगळा आहे. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने 1900 च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात पाचेक लाखांवर आली होती, असा अंदाज सांगितला जातो. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला विचारा: हरीण म्हणजे अंगणातली फुलझाडं रातोरात फस्त करणारं आणि गाडीच्या बोनेटवर येऊन आदळणारं जनावर. हरीण दुर्मीळ असताना केलेले नियम हरीण उदंड झाल्यावर राबवले जात आहेत. या वादातला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

शिकारीसाठी धनुष्याकडे परत वळण्याची कल्पना तशी अलीकडची. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले मॉरिस आणि विल थॉम्प्सन हे भाऊ युद्धानंतर फ्लोरिडाच्या रानात धनुष्यबाण घेऊन हिंडले. मॉरिसचं ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक 1878 मध्ये आलं आणि सुशिक्षित मंडळींत धनुष्याची हौस पसरली. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलपाशी इशी नावाने पुढे ओळखला गेलेला एक माणूस लोकांसमोर आला. तो याही जमातीतला शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांना, उपासमारीला आणि रोगराईला बळी पडले होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं गेलं. तिथे सॅक्स्टन पोप हा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य घडवायला, रानात दबा धरायला, तोंडाने आवाज काढून जनावर जवळ बोलवायला शिकला. 1916 मध्ये इशी क्षयाने गेला. पोपचं ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ 1923 मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला गुरुग्रंथाचा मान दिला.

या गुरुशिष्यांत एक फरक आहे आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. इशीने धनुष्य हाती घेतलं ते पोटासाठी. अवघडपणा त्याने मुद्दाम निवडला नव्हता. सोपं साधन मिळतं तर त्याने नाकारलंच असतं असं मानायला काही आधार नाही. पोपच्या घरी बंदूक येऊ शकत होती. त्याने ती बाजूला ठेवली. म्हणजे अवघडपणा हेच मूल्य, ही कल्पना इशीची नव्हे, ती पोपची. ज्यांच्यापाशी सगळं आहे त्यांनाच असा त्याग परवडतो. त्यामुळे ‘आमची परंपरा आदिम आहे’ असं कोणी धनुर्धारी छाती फुगवून सांगू लागला की मला हसू येतं. ती परंपरा शंभर-दीडशे वर्षांची, शहरी आणि ग्रंथनिष्ठ आहे. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. स्वतःच्या ताकदीला आपण होऊन लगाम घालणं यात माणसाची काही एक प्रतिष्ठा आहेच.

ही प्रतिष्ठा कायद्यात उतरली ती विस्कॉन्सिनमध्ये. 1934 मध्ये तिथल्या सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत केवळ धनुष्यासाठी हरणाचा वेगळा हंगाम ठेवला गेला. आधुनिक काळातला तो पहिला मानतात. पर्यावरणविचारातलं मोठं नाव असलेला आल्डो लिओपोल्ड त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत होता. तो स्वतः लाकूड तासून धनुष्यं बनवायचा. पत्नी एस्टेला नेमबाजीत त्याच्याहून सरस होती आणि राज्यातल्या महिलांमध्ये विजेती ठरली होती. पुढे 1949 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ निघालं. शिकाऱ्याच्या गळ्यात, कमरेला आणि खिशात साठत चाललेल्या यांत्रिक वस्तूंविषयीची त्याची नापसंती त्यात स्पष्ट वाचायला मिळते. कारखाना कुठे थांबवायचा हे शिकारी ठरवत नाही, विक्रेता ठरवतो, हे त्याने तेव्हाच हेरलं होतं.

पण कायद्याने त्या वेळी एक गोष्ट लिहून ठेवली नाही. हा हंगाम कशासाठी? अवघडपणाचा मान म्हणून, की हरणं कमी मारली जातील आणि माणसांना रानात जास्त दिवस मिळतील म्हणून? तेव्हा दोन्हींचं उत्तर एकच येत होतं. लाकडी धनुष्य घेऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच परतायचा. म्हणून प्रश्न पडलाच नाही.

तो पडायला हवा होता 1960 च्या दशकाच्या अखेरीला. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलनने धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाकं बसवली आणि 1969 मध्ये त्याला पेटंट मिळालं. हा कंपाउंड बो. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितकी जड होत जाते, आणि पूर्ण ताणलेल्या दोरीला धरून राहणं हीच खरी कसोटी असते. हात थरथरायच्या आत बाण सोडावा लागतो. कंपाउंडमध्ये शेवटच्या टप्प्यावर चाक वळतं आणि भार एकदम उतरतो. आजच्या धनुष्यात हा उतार साधारण 80 टक्के असतो. 70 पौंडांची ओढ असेल तर हातावर उरतात 14 पौंड. त्यावर नेम धरायच्या पिना आल्या, दोरी सोडायला मनगटावर बांधायचा खटका आला, अंतर मोजायला लेझर आला. जुन्या मंडळींनी ओरड केली की हे धनुष्य नव्हे, यंत्र आहे. ओरड विरून गेली. शिंगांच्या विक्रमांच्या नोंदी ठेवण्यासाठी 1961 मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबने कंपाउंडला जागा दिली. 65 टक्क्यांहून जास्त उताराला बरीच वर्षं अडवलं, मग तेही नोंदीपुढे एक खूण करून स्वीकारलं. मला विचाराल तर वादाचा निकाल त्या खुणेपाशीच लागला होता. आपण यंत्र आत घेतलं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

क्रॉसबो आला तो या उघड्या दारातून, आणि आला तोही दयेच्या वाटेने. खांदा निकामी झालेल्याला, हात गमावलेल्याला डॉक्टरच्या दाखल्यावर तो वापरू देण्याला क्वचितच कोणी विरोध केला. मग वय आलं: विस्कॉन्सिनने 65 वर्षांवरच्यांना मुभा दिली. एकदा वय मान्य केलं की 64 चं काय, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. आर्कान्सा आणि ओहायो या राज्यांनी 1970 च्या दशकातच सर्वांना वाट मोकळी करायला सुरुवात केली होती. पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सास 2009 मध्ये आले, विस्कॉन्सिन 2014 मध्ये, मिनेसोटा 2023 मध्ये. विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या इतर धनुष्यांच्या पुढे गेली. ज्या राज्याने लिओपोल्डच्या डोळ्यांदेखत हा हंगाम सुरू केला, तिथली ही गत.

गंमत अशी की क्रॉसबो कोणाच्या पंगतीत बसवायचा हा पेच आठ-नऊशे वर्षांचा आहे. 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो चालवायला बंदी घातली, असं सर्रास सांगितलं जातं. पण तो नियम क्रॉसबोवाल्यांबरोबर साध्या धनुर्धाऱ्यांचंही नाव घेतो. म्हणजे चर्चच्या लेखी दोघे सारखेच पापी. चारशे वर्षांनी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने नेमकं उलट केलं. त्याच्या 1541 च्या कायद्यात क्रॉसबो आणि हातबंदूक एका कलमात आली: वर्षाला शंभर पौंडांची मिळकत नसलेल्याने ही दोन्ही बाळगू नयेत. लाँगबोचा, म्हणजे साध्या लांब धनुष्याचा, सराव मात्र प्रजेला सक्तीचा. आज अमेरिकेतल्या विधिमंडळांत एक बाजू चर्चचा युक्तिवाद करते, दुसरी राजाचा.

यंत्रशास्त्राने पाहिलं तर चर्चचं पारडं जड आहे. क्रॉसबोचा आखूड बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. धारदार पात्याने रक्तस्राव होऊनच जनावर मरतं. नव्या क्रॉसबोचा वेग सेकंदाला 400 फुटांच्या वर गेला, काहींचा 500 पर्यंत, तरी बाण खाली पडतो, वाऱ्याने हलतो आणि हरीण दोरीचा आवाज ऐकून दचकतं. दुसरा बाण चढवेपर्यंत रान मोकळं झालेलं असतं. शंभर यार्डांवरून बंदुकीसारखा नेम लागतो ही जाहिरात विक्रेत्यांची, आणि विरोधकांनीही तीच आपल्या सोयीने उचललेली.

तरी विरोधकांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, आणि तोच ते सर्वांत कमी मांडतात. मचाणावर बसलेला धनुर्धारी हरीण वीस यार्डांवर आलं की उभा राहतो, हात उचलतो, दोरी ओढतो. शिकार बहुतेक वेळा फसते ती याच हालचालीत. हरणाची मान वर होते, नजर भिडते, आणि ओढलेली दोरी धरून निश्चल राहावं लागतं. हरीण पुन्हा मान खाली घालेपर्यंत किंवा हात गळून जाईपर्यंत. सगळी विद्या या काही क्षणांत आहे. क्रॉसबोवाला दोरी सकाळीच, रिकिबीत पाय रोवून किंवा हँडल फिरवून चढवतो, आणि ती दिवसभर खटक्यावर राहते. हरीण आलं की फक्त बोट हलतं. फरक वेगाचा किंवा अंतराचा नाही, दोरी कोण धरून बसलं आहे याचा आहे. कंपाउंडने हे धरणं पाचव्या हिश्श्यावर आणलं. क्रॉसबोने ते शून्यावर नेलं. म्हणून कंपाउंडवाला शुद्धतेची भाषा बोलू लागला की माझा धीर सुटतो. चार हिस्से सोडून दिलेल्याने पाचव्यासाठी धर्मयुद्ध पुकारायचं हे काही खरं नाही.

दुसरीकडे राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा हिशेब सरळ आहे, आणि तो फारसा उदात्त नाही. त्यांचा मोठा खर्च परवान्यांच्या पैशावर आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालच्या करावर चालतो. 1972 च्या दुरुस्तीने तिरंदाजीचं साहित्यही त्या करात आलं. शिकारी म्हातारे होत आहेत, 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत ते 1 कोटी 15 लाख उरले होते. हरणं वाढत आहेत. विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये हरणांना मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग रोग सापडला, तेव्हापासून तर कमी हरणं मारली जावीत असं तिथल्या अधिकाऱ्यांना मुळीच वाटत नाही. ज्या हंगामाची जन्मकथा ‘मारणं कठीण असावं’ अशी होती, त्याच्याकडून आता ‘जास्त मारा’ अशी अपेक्षा आहे. कल्पना उलटी झाली, नाव तेच राहिलं. ओहायोत अनेक दशकं क्रॉसबो चालतो आहे, तरी तिथला धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत टिकून आहे. हरणं संपतील ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

रॉकी पर्वताच्या राज्यांत गोष्ट वेगळी. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाचा माज सप्टेंबरात येतो आणि धनुष्याचा हंगामही तेव्हाच. जनावरं मोजकी, मागणी अफाट. यश कमी म्हणूनच दिवस जास्त देता येतात. तिथे धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो चालत नाही, अपवाद अपंगांचा. बंदुकीच्या हंगामात खुशाल वापरा. कंपाउंडच्या उतारालाही 80 टक्क्यांची मर्यादा आहे. इथे अवघडपणा हे मिरवण्याचं मूल्य नाही, वाटपाचं साधन आहे. म्हणून तिथली बंदी मला पटते आणि पेनसिल्व्हेनियातली पटली नसती.

ज्यांना दोरी स्वतः धरायची आहे त्यांच्यासाठी वाट पेनसिल्व्हेनियानेच दाखवली आहे, तीही बंदुकीच्या बाबतीत. तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुकांचे ‘आदिम’ हंगाम अनेक राज्यांनी ठेवले, आणि 1985 मध्ये टोनी नाइटची एमके-85 ही नव्या धर्तीची ठासणीची बंदूक आल्यावर ते आदिम उरले नाहीत. पेनसिल्व्हेनियात 1974 पासून गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीचा वेगळा हंगाम आहे. नाताळानंतरच्या थंडीत, ओल्या दारूचे फुसके बार सोसत लोक तिथे हौसेने जातात, आणि कायद्याने गारगोटीचं नावच घेतलेलं असल्यामुळे नवं यंत्र त्यात घुसू शकलेलं नाही. लाकडी लाँगबो आणि टोकं पुढे वळवलेलं रिकर्व्ह धनुष्य वापरणाऱ्यांनी नेमकं असंच मागावं: चाकाशिवायच्या धनुष्यासाठी माजाच्या काळातले आठ-दहा दिवस. ती मागणी प्रामाणिक असेल आणि राज्यांनी ती मान्य करावी. कंपाउंडवाल्यांना मात्र क्रॉसबोवाल्यांच्या शेजारीच बसावं लागेल.